खाप्याला गेलेला डोंगा

पांढुर्णा, २४ जून १९५६, रविवार

डोंगा विकून आज दहा दिवस झाले. या घरात येऊन आठ. सामान लागलं, बायकोनं, वच्छलानं, चूल मांडली, पोरगी मीना घरात रुळली, उद्या शाळा उघडते आणि मी मुख्य गुरुजी म्हणून पहिल्यांदा खुर्चीवर बसणार. खरं तर आज काही चांगलं लिहायला पाहिजे. पण सकाळी उठलो, सवयीनं वहाणा घातल्या, अंगणात आलो आणि तसाच उभा राहिलो. आमच्या गावी, रामाकोन्याला, मी दर रविवारी कन्हान नदीच्या घाटावर जात असे. इथं कुठं जावं ते सुचेना. मग वहाणा काढून परत आत आलो.

एकदा सगळं लिहून काढतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

तो डोंगा, म्हणजे मासोळ्या धरायची लहान होडी, आमच्या बाबानं माझ्या जन्माच्या आधी एका सलग खोडातून कोरला होता. बाबा गेला तेव्हा मी सात वर्षांचा होतो. माझी मोठी बहीण जयवंता, जिला मी बाई म्हणतो, सतरा वर्षांची. लग्न होऊन वर्ष झालं नाही तोच तिचा नवरा पटकीत गेला आणि ती माहेरी परत आली होती. आम्हा ढिवरांत बाया टोपलं घेऊन बाजार करतात, पण जाळं पुरुषानं फेकायचं. घरात पुरुष म्हणजे मी, सात वर्षांचा. तेव्हा बाईनं पदर खोचला आणि तीच डोंग्यात उभी राहिली. गाव महिनाभर बोललं, मग थकलं. ती जाळं फेकायची आणि मी मागच्या टोकाला बसून डब्यानं पाणी उपसत पाढे म्हणायचो. मी शाळेत गेलो, सौंसरला शिकलो, मास्तर झालो. बाई मासोळ्या धरतच राहिली.

विकला का, तेही लिहितो. वही माझीच आहे. एप्रिलमध्ये शाळा तपासायला एक साहेब आले होते. त्यांच्याबरोबर सौंसरच्या बाजारातून जात असताना बाईनं टोपल्यामागून मला हाक मारली, "बाबू, इकडं ये." साहेबांनी विचारलं, ही कोण? मी म्हणालो, आमच्या गावातली आहे. बाजारात गलका होता, बाईला ऐकू गेलं नसावं. पण त्या दिवशीच मी ठरवलं की आता हे पुरे. बढती मिळाली, बदली मिळाली. पांढुर्ण्यात आम्हाला कोणी ओळखत नाही. बाईनंही आता बसून खावं.

डोंगा विकत घेतलेला, खापा गावचा भिवाजी बैलगाडी घेऊन दारात आला तेव्हाच मी बाईला सांगितलं. आधी सांगितलं असतं तर उगीच रडारड झाली असती. ती घाटावर आली, डोंगा आतून-बाहेरून धुतला आणि भिवाजीला म्हणाली, "हा डावीकडं झुकते. उजव्या पायावर जोर ठेवशीन." एवढं सांगून घरी गेली आणि भांडी बांधायला लागली.

बाईनं फार समजूतदारपणे घेतलं.

८ जुलै, रविवार

शाळा ठीक चालली आहे. मुलं कापसाच्या आणि संत्र्याच्या व्यापाऱ्यांची, थोडी रेल्वेतल्या लोकांची. कमिटीतले रघुनाथराव संत्र्यांचे मोठे व्यापारी आहेत. माणूस भला. घरी येऊन बसतात, चहा घेतात, राज्यांच्या वाटणीच्या बातम्या सांगतात.

डोंगा मात्र डोक्यातून जात नाही. चौथीला भूगोल शिकवताना नदीचं पात्र काढायला गेलो आणि फळ्यावर घाट काढला, घाटाला लागून डोंगाही. मुलं हसली. मी पुसून टाकलं.

माझ्या पाठीला त्या मागच्या टोकाची सवय होती. लाकूड तिथं घासून इतकं गुळगुळीत झालं होतं की टेकलं की अंगातला शीण उतरायचा. रविवारी त्या टोकाला बसून मी वह्या तपासायचो. पाणी हलायचं, पण डोंगा कसा शांत असायचा. तसलं बसणं या घरात कुठंच नाही. ओसरीवर, खाटेवर, खिडकीत, सगळीकडे बसून पाहिलं.

बाई आराम करते आहे. आयुष्यात पहिल्यांदाच. तांदूळ निवडते, निवडून झाले की परत सुपात घेऊन निवडते.

२२ जुलै

बाई रोज पहाटे देवदर्शनाला जाते असं वच्छला म्हणाली. चांगलं आहे. रामाकोन्याला तिला देवासाठी वेळ नव्हता. येताना लुगड्याचा काठ ओला असतो, पण पावसाचे दिवस आहेत.

मी वच्छलाला म्हटलं, डोंगा विकला ते चुकलं की काय असं वाटतं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "मले काय सांगता? ज्यायले सांगाचं त्यायले सांगा." मला तिचं बोलणं कधीकधी समजत नाही.

१२ ऑगस्ट, रविवार

आज फार वाईट वाटलं. रघुनाथराव आले होते. इकडचं तिकडचं झाल्यावर आवाज खाली करून म्हणाले, "गुरुजी, राग मानू नका. तुमच्या घरची ती म्हातारी बाई जाम नदीत कंबरभर पाण्यात उभी राहून लुगड्यानं मासोळ्या धरत होती. धोबिणी हसून राहिल्या होत्या. पुराचे दिवस आहेत, म्हणून सांगतलं."

"म्हातारी बाई" म्हणाले. माझ्यापेक्षा ती दहा वर्षांनी तर मोठी.

ते गेल्यावर मी बाईला समोर बसवलं. रागावलो नाही. शांतपणे म्हटलं, "बाई, इथं आपल्याले कोणी ओळखत नाही. मोठ्या मुश्किलीनं असं गाव भेटलं. हे असंच राहू दे."

ती आपल्या हातांकडे पाहत होती. मग म्हणाली, "हो बाबू. मले बी हितं कोणी ओळखत नाई."

तिला पटलं, हे बरं झालं. उगीच वाद झाला नाही.

१९ ऑगस्ट

पहाटे बाई घरातच होती. दिवसभरही घरातच.

९ सप्टेंबर, रविवार

पोळा झाला. गोटमारीच्या, इथल्या नदीकाठच्या दगडफेकीच्या, दिवशी मी वर्गातल्या मुलांना शाळेत थांबवून गोष्टी सांगितल्या, तरी निम्मे पळालेच.

बाईचं जेवण कमी झालं आहे. वैद्य आणला. नाडी पाहिली, जीभ पाहिली, दोष काही नाही म्हणाले, अशक्तपणा आहे, दूध द्या. दूध ती घेत नाही. ओसरीवर भिंतीला टेकून बसलेली असते आणि उजवा पाय मधूनमधून जमिनीवर दाबते. कळ येते का, विचारलं. नाही म्हणाली.

माझंही काही ठीक नाही. विकलेल्या लाकडासाठी पंचेचाळिशीचा माणूस इतका झुरतो हे कोणाला सांगायचं? आज शेवटी भिवाजीला पत्र टाकलं. डोंगा कसा आहे, पाण्यात आहे की वर काढून ठेवला, तेल लावलं का, एवढंच विचारलं.

३० सप्टेंबर, रविवार

भिवाजीचं उत्तर आलं. कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. डोंग्यानं त्याला चारदा पाण्यात पाडलं म्हणे. जाळं फेकायला उभं राहिलं की डावीकडं उलटतो. घाटावरचे लोक हसून राहिले. "तुमच्या बहिणीनं याले कसा सांभाळला ते विचारून कळवा, नाही तर मी याचा गुरांच्या पाण्यासाठी डोणगा करतो."

 मी मोठ्यानं वाचत होतो. बाई ऐकत होती. आणि ती हसली. पांढुर्ण्यात आल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

"त्याले म्हना, उभं राहाच्या आंधी घोटाभर पानी आत राहू द्यावं. सारं उपसू नये. अन् जाळं उजवीकडून नाई, पाठीमागून फिरवून फेकाचं. फेकताखेपी श्वास सोडाचा." मग डोहातल्या वाऱ्याविषयी, झिंग्यांसाठी काठ कसा धरायचा त्याविषयी, मरळ कुठं दडते त्याविषयी. ती बोलत होती आणि मी लिहीत होतो. दोन पानं भरली. इतकं बोललेली बाई मला आठवत नाही.

मी मात्र एका गोष्टीवर अडकलो. मी लहानपणी सगळं पाणी उपसायचो तेव्हा ती मला "बस आता" म्हणायची. मला वाटायचं, पोराचे हात दुखतील म्हणून म्हणते.

पत्र पेटीत टाकून आलो. रात्री बाई दोन भाकरी जेवली.

२१ ऑक्टोबर

भिवाजीचं दुसरं पत्र. थोडं जमून राहिलं, पण फेकताना अजून पडतो. डोणग्याचा विचार त्यानं सोडला नाही. बाईनं पत्र दोनदा वाचून घेतलं.

मग विचारलं, "खापा कितीक दूर हाय?"

मी सांगितलं. मोटारीनं सौंसर, तिथून छोट्या रेल्वेनं सावनेर, तिथून तीन कोस पायी किंवा बैलगाडीनं. आणि आता तर पहिल्या तारखेपासून नागपूर जिल्हा मुंबई राज्यात जाणार, आपण मध्य प्रदेशात राहणार. नवीन राज्याची राजधानी भोपाळ. मराठी बोलणारे आपण इकडे आणि आपली माणसं तिकडे. डोंगासुद्धा परराज्यात गेला म्हणायचा.

बाईनं एवढंच विचारलं, मोटार सकाळी किती वाजता सुटते?

१ नोव्हेंबर, गुरुवार

आज नवीन राज्य झालं. उद्या लक्ष्मीपूजन. शाळेला सुट्टी असूनही सकाळी झेंडावंदन ठेवलं होतं. भाषण मीच केलं. काय बोललो ते आठवत नाही, कारण घरून निघताना बाईची खाट रिकामी होती आणि अंथरूण घडी करून ठेवलेलं होतं.

आधी जाम नदीवर धावलो. पुलाखाली, धोब्यांच्या दगडांवर, पार पुढच्या वळणापर्यंत पाहिलं. नदीचं पाणी ओसरलं होतं. डोक्यात नको ते येत होतं. झेंडावंदनाला अर्धा तास उशिरा पोचलो, पायांना चिखल तसाच. रघुनाथरावांनी पाहिलं.

परत आलो तर वच्छला दारात रांगोळी काढत होती.  मी विचारलं, तुला काही माहीत आहे का?

"मीच बसवून देली मोटारीत. भाकरी बांधून देली. खाप्याले गेली."

मी ओरडलो असेन. मला न सांगता? सणाच्या तोंडावर?

वच्छला उठून उभी राहिली. "तुमी डोंग्यासाठी चार महिने झुरून राहिले, मी पाहून राहिली. थ्या बाईकडं तुमी एक दिवस तरी पाहिलं का?"

मग परत खाली बसली. रांगोळी पुरी केली.

५ नोव्हेंबर, सोमवार

काल खाप्याला जाऊन आलो. सगळं क्रमानं लिहितो.

गाडी सावनेरला पोचली तेव्हा मला वाटलं होतं, कुठंतरी पाटी असेल, शिपाई असेल, हे दुसरं राज्य आहे असं काही दिसेल. काहीच नव्हतं. तीच कापसाची पऱ्हाटी, तीच बोली. खाप्याला भिवाजीचं घर सापडलं. त्याची बायको कलाबाई अंगणात जाळं वाळवत होती. मला पाहून डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "गुरुजी, बाई नदीवर आहे. आमच्या धन्याले शिकवून राहिली."

घाटावर गेलो. डोंगा डोहाच्या मध्यावर होता. काळा, तेल पाजलेला.  बाई उभी होती, आणि भिवाजी, चांगला चाळिशीचा मिशीवाला गडी, पुढच्या टोकाला शाळेतल्या मुलासारखा मांडी घालून बसला होता. तिनं मला काठावर पाहिलं, पण घाई केली नाही. जाळं पूर्ण ओढून घेतलं आणि मग डोंगा काठाला आणला.

"जेवला का?" तिनं विचारलं.

वाटेत मी पुष्कळ बोलणी तयार केली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. म्हटलं, "बाई, घरी चाल."

"बाबू, थ्या घरात मी दिवसभर बसून राहो. मले नुसतं बसता येत नाई रे." ती जाळ्यातून मासोळ्या सोडवत होती. "तुह्यावर राग नाई. पन मी येत नाई."

मी म्हणालो, मी भिवाजीकडून डोंगा परत घेतो. पांढुर्ण्याला नाही तर रामाकोन्याला नेऊ. तू सांग फक्त.

तिचे हात थांबले. "इकतानी तुनं मले इचारलं नाई. आता घेतानी माहं नाव नको घेऊ." आवाज चढला नव्हता. पाढा चुकला की दुरुस्त करतात तसं म्हणाली. "हा आता भिवाजीचा हाय. त्याले त्याची गरज हाय, अन् त्याले माही गरज हाय. कलाबाई बाजार करते, मी पानी पाहतो. आमचं जमलं."

भिवाजी दुसरीकडे पाहत होता.

मग मी तिला ते सांगितलं जे मी या वहीशिवाय कोणालाच सांगितलं नव्हतं. "मले बी याची याद येते, बाई. रोज येते."

तिनं मान वर केली.  "मंग तवा काहून नाई बोलला? मले वाटलं, तुले लाज वाटते. याची, अन् माही बी."

तिनं बरोबरच ओळखलं होतं.  म्हणाली, "बस."

भिवाजी उतरला. मी माझ्या जुन्या टोकाला बसलो. पाठ टेकली. लाकूड तसंच गुळगुळीत. बाईनं बांबूनं काठ ढकलला आणि आम्ही डोहात गेलो. मी चार महिने ज्या शांतपणाची वाट पाहत होतो तो येईल म्हणून डोळे मिटणार होतो, पण मिटले नाहीत. मी पहिल्यांदा बाईच्या पायांकडे पाहत होतो. डोंगा सारखा डावीकडे कलत होता, क्षणाक्षणाला, आणि दर वेळी तिचा उजवा पाय दाबला जात होता. पोटरीची शीर उठायची, डोंगा सरळ व्हायचा. परत कलायचा, परत पाय. ती जाळं झटकत होती, पाणी पाहत होती, माझ्याशी बोलत होती, आणि तिचा पाय ते काम करतच होता.

मी इतकी वर्षं मागं बसून वह्या तपासल्या आणि मला वाटत होतं, डोंगाच शांत आहे.

संध्याकाळच्या गाडीनं परत आलो. तिनं बरोबर मरळ दिली, पानात गुंडाळून. वच्छलानं काही न विचारता कालवण केलं.

१४ नोव्हेंबर, बुधवार

रघुनाथराव आले होते. सहज विचारलं, तुमच्या ताई दिसत नाहीत हल्ली?

मी म्हणालो, नातेवाइकांकडे गेली आहे, हवापालटाला.

वच्छला चहा घेऊन येत होती. तिनं कप खाली ठेवला आणि आत निघून गेली. अजून माझ्याशी बोललेली नाही. आणि मी तिला दोष देऊ शकत नाही. खोटं माझ्या तोंडून इतकं सहज निघालं की मी स्वतःच दचकलो. याची सवय मला कधीपासून आहे, याचा हिशेब आज दिवसभर मनात चालू होता.

१८ नोव्हेंबर, रविवार

डोंगा आठवतो. पण आता आठवला की पाठीला लाकूड लागत नाही. पाय दिसतात.

२९ नोव्हेंबर, गुरुवार

नवीन राज्याचे नवीन फारम आले आहेत. सगळ्या शिक्षकांची माहिती भरून द्यायची आहे, छापील, हिंदीत. शाळेचा कारकून वसंत एकेकाला बोलावून भरून घेत होता. कमिटीची बैठक होती म्हणून रघुनाथराव पलीकडच्या खुर्चीवर वर्तमानपत्र वाचत बसले होते.

माझी पाळी आली. नाव, वय, शिक्षण झालं. मग घरातली माणसं. वच्छला सांगितली, मुलगी मीना सांगितली. वसंत पुढच्या रकान्यावर जाणार होता. मी म्हटलं, थांबा, बहीण आहे.

"होय, तुमची बहीण विधवा आहे नं गुरुजी?" त्यानं आपणच वाट काढली. "मंग आश्रित लिहून टाकतो."

"नाही," मी म्हणालो. "आश्रित नाही."

त्याला समजलं नाही. विधवा बहीण, मुलबाळ नाही, भाऊ नोकरीत. मग आश्रित नाही तर काय?

"राहणार खापा, मुंबई राज्य. धंदा, मासोळ्या धरणं."

वसंतनं टाक वर उचलून धरला. अशी नोंद चालते की नाही, त्याला ठरवता येत नव्हतं. रघुनाथरावांनी वर्तमानपत्र खाली केलं होतं. माझे कान तापले. ते काही बोलतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी एकच विचारलं, "सख्खी बहीण?"

"सख्खी," मी म्हणालो. "माझं शिक्षण तिनं केलं. आश्रित मी होतो."

 मग रघुनाथरावांनी वसंतला खूण केली, लिहा.

वसंतनं टाक दौतीत बुडवला आणि विचारलं, "नाव काय लिहू, गुरुजी?"

मी बाईचं पूर्ण नाव सांगितलं. ते लिहून होईपर्यंत उभा राहिलो.